माशांच्या टाकीला दिवा कोणता?



या सदरात आपण गॅसच्या नळीपासून मुलांच्या चष्म्यापर्यंत अनेक गोष्टींवर बोललो. आजचा विषय वाचून काहींना हसू येईल. खाऱ्या पाण्यातल्या माशांची टाकी आणि तिच्यावरचा दिवा! ज्यांच्या नळाला दिवसातून तासभर पाणी येते त्यांना हे चोचले कशाला, असे कोणी म्हणेल. मे महिन्यापर्यंत आम्हीही तसेच म्हणालो असतो. पण आंजर्ल्याला बहिणीच्या घरी जे पाहिले, त्यावरून हा विषय घेणे भाग पडले. आपली मुले हौसेने घरात काही मांडतात, त्याला वीज लागते आणि वीज म्हटले की पैसा आणि जीव, दोन्ही आले.

आंजर्ले हे रत्नागिरी जिल्ह्यातल्या दापोली तालुक्यातले गाव. एका अंगाला समुद्र, एका अंगाला जोग नदीची खाडी. पूर्वी हर्णैकडून यायचे तर तरीतून खाडी ओलांडावी लागे. आता पूल झाला आहे. बहीण तिथे काजूच्या कारखान्यात जाते, भाऊजी गवंडीकाम करतात. थोरला भाचा बारावीची परीक्षा देऊन मोकळा झाला होता. सुट्टीत पर्यटकांच्या एका लॉजवर काम करून त्याने पैसे साठवले होते.

आम्ही दारात पोचलो तो भाच्याने ‘जयभीम मामा’ म्हणून पिशवी घेतली आणि पाणी पिण्याआधी आतल्या खोलीत नेले. लोखंडी घोडीवर काचेची टाकी होती. दोन फूट लांब, फूटभर रुंद, सव्वा फूट उंच. म्हणजे सुमारे ७० लिटर पाण्याची. पाणी समुद्राचे. भरतीला आत आलेले आणि ओहोटीला खडकांच्या डबक्यांत अडकलेले बोटाएवढे तीन मासे, शंखात बिऱ्हाड करणारे दोन खेकडे आणि बसायला काळा दगड. हवेचा छोटा पंप बुडबुडे सोडत होता. आपल्या पोराने पुस्तकाशिवाय, कोणी न शिकवता समुद्राचा एक तुकडा घरात जिवंत ठेवला होता. आम्हाला मनापासून कौतुक वाटले.

वर लाकडाच्या फळीला होल्डर टांगून एक साधा बल्ब लावला होता. भाचा म्हणाला, “मामा, हा लाइट फालतू आहे. खाऱ्या पाण्याला वेगळा लागतो. निळा-जांभळा. मी मोबाईलवर बघून ठेवलाय. साडेआठ हजारांचा आहे.”

बहीण दारातून म्हणाली, “दादा, तूच सांग त्याला. जूनमध्ये कॉलेजचं नाव घालायचं आहे. साडेआठ हजार दिव्यात घालायचे का?”

दोघांचेही ऐकण्यासारखे होते. मुलाचा पैसा त्याच्या घामाचा होता. आईची चिंताही खरी होती. म्हणून आम्ही त्याला एकच प्रश्न विचारला, “दिवा कोणासाठी?”

तो गोंधळला. “टाकीसाठी.”

“टाकीतल्या कोणासाठी?”

वाचकहो, या प्रश्नाचे उत्तर सापडले की निम्मे पैसे तिथेच वाचतात.

माशाला दिवा किती लागतो?

आपल्याला अन्न शिजवून खावे लागते. झाड आपले अन्न उजेडावर तयार करते. मासा आपल्यासारखा आहे, झाडासारखा नाही. तो उजेड खात नाही. दिवस कधी आणि रात्र कधी हे कळण्यापुरता उजेड त्याला हवा, आणि तेवढा खिडकीतूनही येतो. टाकीवरचा दिवा मुख्यतः आपल्यासाठी असतो, मासा आपल्याला नीट दिसावा म्हणून.

मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली मरीन ड्राइव्हवर सुरू झाले. गिरणगावातली कितीतरी कुटुंबे मुलांना घेऊन ते पाहायला गेली. आम्हीही वडिलांचे बोट धरून गेलो होतो. आपण अंधाऱ्या वाटेने चालायचे आणि काचेपलीकडे पाणी उजळलेले. तो उजेड पाहणाऱ्यांसाठी होता. उजेड पाण्यावर पडावा, बघणाऱ्याच्या डोळ्यांवर येऊ नये, एवढी युक्ती घरच्या टाकीलाही पुरते.

मग तो निळा-जांभळा महागडा दिवा कोणासाठी असतो? तो प्रवाळासाठी. प्रवाळ हा प्राणी आहे, पण त्याच्या अंगात अतिसूक्ष्म शेवाळ राहते. ते शेवाळ झाडाप्रमाणे उजेडावर अन्न करते आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देते. म्हणजे हे प्रवाळ उजेडावर जगते. समुद्राच्या पाण्यात लाल उजेड वरच्या काही मीटरमध्येच शोषला जातो, निळा सर्वांत खोल पोचतो. म्हणून प्रवाळाच्या दिव्यात निळा रंग जास्त ठेवतात आणि दिवा जबरदस्त तेजाचा करतात. किंमत तिथेच चढते.

आता आंजर्ल्याच्या किनाऱ्याकडे पाहा. खाडीतून गाळ येतो, लाटा वाळू उसळवतात. पाणी गढूळ, हिरवट. हातभर खोल पाण्यात उभे राहिले तर आपलीच पावले दिसत नाहीत. अशा पाण्यात उजेड फार खोल जात नाही. याउलट विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात आंग्रिया बँक नावाचा बुडालेला उंचवटा आहे. त्याचा माथा पाण्याखाली वीसएक मीटरवर आहे, तरी तिथे प्रवाळ वाढते, कारण तिथवर किनाऱ्याचा गाळ पोचत नाही आणि पाणी नितळ असते. म्हणजे मोबाईलवरची निळी टाकी नितळ समुद्राची नक्कल आहे. भाच्याचे मासे आणि खेकडे गढूळ पाण्यातले. मंद उजेड हेच त्यांचे घर. त्यांच्या डोक्यावर प्रवाळाचा दिवा लावला तर ते दगडाखाली दडून बसतील, आणि साडेआठ हजार खर्चून टाकी रिकामी दिसेल.

भाचा म्हणाला, “मग मी प्रवाळच ठेवतो ना. मालवणला आहे म्हणतात.”

मालवणच्या समुद्रात प्रवाळ आहे हे खरे. पण ते उचलता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली २००१ सालापासून दगडी प्रवाळ आणि समुद्री घोडे यांना संरक्षण आहे. ते पकडणे, बाळगणे, विकणे हा गुन्हा आहे. कोणी दुकानदार ‘सगळे ठेवतात हो’ म्हणून तुकडा हातात ठेवील, पण खटला झाला तर कोर्टाच्या पायऱ्या आपल्या पोराला चढाव्या लागतील. वकिलाची फी भरण्याची आपली ऐपत नाही, हे विसरू नये.

तेव्हा उत्तर असे निघाले: टाकीत प्रवाळ नाही आणि ठेवायचेही नाही, म्हणून प्रवाळाचा दिवा नको. उजेडावर जगणारे काही ठेवायची हौसच असेल तर किनाऱ्याच्या खडकांवर कोथिंबिरीच्या पानासारखे पातळ हिरवे समुद्री शेवाळ येते, त्याचा मूठभर झुबका ठेवावा. ते माशांच्या विष्ठेतून पाण्यात उतरणारी घाण थोडीफार शोषून घेते आणि साध्या पांढऱ्या दिव्यावर जगते.

साधा दिवा निवडताना

दुकानात गेलात तर खोक्यावर तीन आकडे वाचावेत.

पहिला वॅट. वॅट म्हणजे उजेड नव्हे. दिवा वीज किती खातो ते वॅट सांगतो. दुसरा आकडा ल्युमेनचा, तो उजेडाचा. जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब जेवढा उजेड देई, तेवढा आज ९ वॅटचा एलईडी बल्ब देतो, कारण जुन्या बल्बची बहुतेक वीज उष्णता होऊन जाई. २०१५ साली सरकारच्या उजाला योजनेतून असे ९ वॅटचे बल्ब घरोघर पोचले, ते अनेकांना आठवत असतील. उष्णतेचा मुद्दा टाकीला फार महत्त्वाचा आहे. कोकणातला उन्हाळा आधीच तापलेला. पाणी जितके तापेल तितकी त्यात प्राणवायू धरून ठेवण्याची ताकद कमी होते, आणि खाऱ्या पाण्यात ती गोड्यापेक्षा मुळातच कमी. तापणारा दिवा माशाचा श्वास कमी करतो.

तिसरा आकडा केल्व्हिनचा, खोक्यावर इंग्रजी ‘के’ अक्षरापुढे नाही तर मागे लिहिलेला असतो. २७०० किंवा ३००० असेल तर उजेड पिवळसर. ६५०० असेल तर दिवसासारखा पांढरा. टाकीला ६५०० चा घ्यावा. मासे खऱ्या रंगात दिसतात आणि शेवाळही जगते.

यात एक गंमत सांगण्यासारखी आहे. लाल आणि हिरवे एलईडी १९६० च्या दशकापासून होते, पण तेजस्वी निळा काही केल्या जमत नव्हता. जपानमधल्या इसामू अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांनी वर्षानुवर्षे खटपट करून १९९० च्या सुमारास तो साधला. त्यासाठी २०१४ साली त्यांना पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. यातले नाकामुरा कोणा बड्या विद्यापीठात नव्हते. तोकुशिमा या आडबाजूच्या जिल्ह्यातल्या एका कंपनीत नोकरीला होते. आज आपल्या घरातला पांढरा एलईडी बल्ब म्हणजे आत तो निळाच दिवा आणि त्यावर पिवळसर लेप. दोन्ही मिसळून पांढरे दिसते. भाच्याला ज्या निळ्याचे वेड लागले होते, तो निळा त्याच्या शंभर रुपयांच्या बल्बात आधीपासूनच होता!

दोन फुटी टाकीला दोन फुटी एलईडी बॅटन ट्यूब पुरते. १० वॅटची चालते, शेवाळ ठेवायचे तर २० वॅटची घ्यावी. बॅटन घेण्याचे कारण असे की उजेड टाकीच्या लांबीभर सारखा पडतो. बल्बाने मध्ये झगमगाट आणि कडेला काळोख होतो. दिवा जितका वर टांगाल तितका उजेड पाण्यात कमी आणि खोलीत जास्त. म्हणून पाण्यापासून वीतभर वर ठेवावा आणि फळीच्या खालच्या अंगाला पांढरा रंग द्यावा, म्हणजे वर जाणारा उजेड परत खाली येतो. रंगीत झिरोचा बल्ब केवळ शोभेचा. त्याचा माशाला उपयोग नाही आणि पाहणाऱ्यालाही फारसा नाही.

आता विजेचा हिशेब. २० वॅटची बॅटन रोज ८ तास लावली तर महिन्याला ४.८ युनिट होतात. भाच्याने पाहिलेला दिवा १०० वॅटचा होता. तो १० तास लावायचा तर महिन्याला ३० युनिट. युनिटला ८ रुपये धरले तर एकाचे बिल ३८ रुपये ४० पैसे आणि दुसऱ्याचे २४० रुपये. शिवाय महिन्याचा वापर शंभर युनिटच्या वर गेला की पुढच्या युनिटचा दर चढतो, तो भुर्दंड निराळाच. आपल्या बिलावरचा दर घेऊन हाच हिशेब आपल्या घरीही करून पाहावा.

किती वेळ लावावा?

आठ तास पुरे. जास्त लावला की काचेवर हिरवा थर चढतो आणि दर रविवारी घासत बसावे लागते. तसा थर येऊ लागला तर औषध आणू नये, दिव्याचे दोन तास कमी करावेत. टाकी खिडकीच्या थेट उन्हात ठेवू नये. ऊन फुकट असते, पण ते आपल्या हातात नसते; पाणी तापते आणि थरही वाढतो.

आठ तास कोणते? घरातली माणसे घरी असतात ते. दुपारी दोन ते रात्री दहा. दिवा पाहणाऱ्यांसाठी आहे, मग सगळे कामावर असताना तो कोणासाठी जाळायचा? रात्री मात्र बंदच करावा. माशालाही रात्र लागते. आणि एका खोलीच्या घरात सकाळच्या पाळीला जाणाऱ्या माणसाची झोप त्या दिव्याने मोडता कामा नये. काळोखात एकदम दिवा लावला तर मासा दचकून काचेवर आपटतो. आधी खोलीतला दिवा लावावा, दहा मिनिटांनी टाकीचा.

चुकीच्या वेळी, चुकीच्या जागी लावलेला दिवा जिवावर उठतो, हे आंजर्ल्याच्या लोकांना सांगावे लागत नाही. शेजारच्या मंडणगड तालुक्यातल्या वेळासप्रमाणे आंजर्ल्याच्या किनाऱ्यावरही ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात. गावकरी अंडी राखतात, पिल्ले समुद्रात सोडतात, ते पाहायला लोक येतात. वाळूतून निघालेले पिल्लू जिकडे क्षितिज उजळ तिकडे धावते. मोकळ्या किनाऱ्यावर रात्री समुद्राचीच बाजू उजळ असते. पण जमिनीकडे प्रखर दिवे असले तर पिल्लू फसते, उलटे चालते आणि मरते. भाच्याला ही गोष्ट ठाऊक होती. म्हणाला, “म्हणजे मामा, उजेड जास्त तेवढा चांगला असं नाही.” आम्ही म्हटले, हेच.

आणि मग जे घडले ते

हिशेब झाला. मुलगा मनाने तयार झाला. बहीण हसत टाकी पुसायला पुढे आली आणि पाण्यात बोटे बुडवून म्हणाली, “ह्याच्या पाण्याचं एक वाईट, फार झोंबतं. हाताला चिरा आहेत ना.”

काजूच्या टरफलाच्या तेलाने तिच्या बोटांची कातडी गेली आहे. मीठ लागले की झोंबणारच, असे आम्हालाही क्षणभर वाटले. पण तिने पुढे सांगितले, “दिवसा नाही झोंबत, रात्री झोंबतं.”

दिवसा दिवा बंद असतो!

आम्ही तिचा हात बाजूला ओढला आणि पहिल्याने मेन स्विच खाली केला. गावातल्या वायरमनला बोलावले. त्याने आपल्या रीतीने तपासले. होल्डरच्या आत खारे पाणी शिंतडून तांब्याच्या तारेवर हिरवा गंज चढला होता. फळी ओली आणि मिठाने पांढरी झाली होती. त्या ओलीतून, फळीवर बांधलेल्या हवेच्या नळीवरून वीज टाकीच्या पाण्यात उतरत होती. खारे पाणी वीज फार चांगली वाहते. घरातल्या बोर्डाला अर्थिंग नव्हतेच. थ्री-पिन प्लगची तिसरी पिन नुसती नावाला. बहिणीच्या पायात रबरी चप्पल होती आणि मे महिन्याची जमीन कोरडी होती, म्हणून तिला नुसते झोंबले. दोन आठवड्यांनी पाऊस लागला असता, जमिनीला ओल आली असती आणि ती अनवाणी उभी राहिली असती, तर हा लेख आम्ही लिहीत नसतो.

वाचकहो, त्या घरात त्या क्षणापर्यंत आम्ही सर्वजण दिवा किती रुपयांचा घ्यावा यावर बोलत होतो. लावलेला दिवा कसा टांगला आहे हे कोणीच पाहिले नव्हते. आम्हीसुद्धा नाही. ही चूक आम्ही मान्य करतो, आणि वाचकांच्या घरी ती होऊ नये म्हणून पुढचे मुद्दे सविस्तर देत आहोत.

एक. टाकीवर काचेचे झाकण हवे. बुडबुड्यांचे शिंतोडे वर जाता कामा नयेत. हवेसाठी एका कोपऱ्यात फट ठेवावी. दिवा झाकणाच्या वर, भिंतीला किंवा घोडीला पक्का स्क्रूने बसवलेला असावा. दोरीने टांगलेला होल्डर नको. झाकणावर मीठ साचते आणि उजेड अडवते. आठवड्यातून एकदा दिव्याचा प्लग काढून झाकण गोड्या पाण्याच्या फडक्याने पुसावे.

दोन. दिव्याची आणि पंपाची वायर प्लगकडे जाताना खाली झोळ घेऊन मग वर जावी. वायरीवरून ओघळलेले पाणी त्या झोळाच्या टोकाला ठिबकते, प्लगात शिरत नाही. याला एक पैसाही लागत नाही.

तीन. अर्थिंग. तिसऱ्या पिनेला खरोखर तार आहे आणि ती जमिनीत नीट पुरलेली आहे, हे वायरमनकडून तपासून घ्यावे.

चार, आणि सर्वांत महत्त्वाचे. बोर्डावर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवावी. अनेक घरांत फ्यूज किंवा एमसीबी असते आणि लोकांना वाटते, काही झाले तर ती पडेल. फ्यूज आणि एमसीबी तारा जळू नयेत म्हणून असतात. त्या कित्येक अँपिअरला पडतात. माणूस त्याच्या शंभराव्या हिश्शानेही मरू शकतो. आरसीसीबी गेलेली वीज आणि परत आलेली वीज तोलून पाहते. फरक पडला, म्हणजे वीज कोणाच्या अंगातून जमिनीत चालली, की डोळ्याचे पाते लवते न लवते तोच ती तोडते. तिच्यावर तपासणीचे बटण असते, ते महिन्यातून एकदा दाबून पाहावे. ही साधारण दीड ते अडीच हजारांना येते. ती एकट्या टाकीची नाही. वॉशिंग मशीन, पाण्याचा पंप, पोरांचे चार्जर, साऱ्या घराची राखण करते.

आरसीसीबी लगेच घेणे होत नसेल तर तोवर टाकीवर २३० व्होल्टचा दिवा लावूच नये. १२ व्होल्टची, वर रबरासारखा पारदर्शक लेप असलेली एलईडी पट्टी मिळते. तिचा अडॅप्टर चांगल्या प्रतीचा घ्यावा आणि टाकीपासून लांब, उंचावर ठेवावा. टाकीजवळ फक्त १२ व्होल्ट येतात. मात्र हवेचा पंप २३० व्होल्टचाच असतो, तोही पाण्याच्या पातळीच्या वर टांगावा. आणि पट्टी असो वा ट्यूब, पाण्यात हात घालण्याआधी सगळे प्लग काढावेत. नेहमी. घाई असली तरी.

पैसा कुठे गेला?

आंजर्ल्याच्या घरी शेवटी असे झाले. २० वॅटची, ६५०० केल्व्हिनची दोन फुटी बॅटन आली. काचेचे झाकण कापून आणले. लपायला दगडाच्या जोडीला जुन्या कौलाचे दोन तुकडे ठेवले. आरसीसीबी आणि अर्थिंगचे काम भाच्याने स्वतःच्या पैशातून केले, आम्ही देऊ केले तर म्हणाला, “नको मामा, आईच्या हाताचं आहे.” एवढे करूनही त्याच्याजवळ साडेआठ हजारांतले निम्म्याहून अधिक उरले.

त्यातून त्याने सेलवर चालणारा हवेचा लहान पंप घेतला. हे त्याला आम्ही नव्हे, अनुभवाने शिकवले होते. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ आले तेव्हा दापोली-मंडणगडच्या किनाऱ्यावर घरांची छपरे आणि विजेचे खांब आडवे झाले आणि कित्येक दिवस वीज नव्हती. दिवा गेला तर मासा मरत नाही. हवा गेली तर मरतो. दिव्याचा क्रमांक शेवटचा, हे ध्यानात ठेवावे.

बाकीचे पैसे प्रवेशासाठी ठेवले. रत्नागिरीजवळ शिरगाव येथे १९८१ पासून मत्स्य महाविद्यालय आहे. ते दापोलीच्याच कोकण कृषी विद्यापीठाचे. बारावी विज्ञाननंतर तिथे मत्स्यशास्त्राची चार वर्षांची पदवी आहे. याच विद्यापीठाचे सागरी संशोधन केंद्र रत्नागिरी शहरात आहे आणि तिथे मत्स्यालयही आहे. आम्ही भाच्याला सांगितले, एसटीने एकदा जाऊन ये. तिथल्या टाक्यांवर कोणता दिवा लावला आहे ते पाहा, आणि कोणी भेटले तर प्रवेशाचेही विचार. ज्या पोराने ओहोटीच्या डबक्यातले मासे घरात जगवले, त्याला या शिक्षणाची वाट कोणी दाखवली नव्हती. दिव्यावरून बोलणे निघाले आणि ती वाट दिसली, हेही चांगले झाले.

परवा बहिणीशी फोनवर बोललो. पाऊस लागला आहे. नदीचे गोडे पाणी खाडीतून समुद्रात येते, म्हणून पोराने मे अखेरीसच कॅन भरून खारे पाणी साठवून ठेवले आहे. टाकी पुसताना हात झोंबतो का, असे आम्ही विचारले. म्हणाली, “झोंबतो की. पण आता दिवसा आणि रात्री सारखाच. मिठाचंच आहे.”

आपल्या घरात टाकी नसेलही. पण ओल्या हाताने जिथे आपण वीज हाताळतो, तिथे कुठे ‘झोंबते’ का, हे आज घरातल्या बायकांना विचारा. त्या सांगत नाहीत. सोसून घेतात आणि कारण आपल्या हातांच्या चिरांना देतात. झोंबत असेल तर मेन स्विच खाली करा आणि वायरमनला बोलवा.

पुढल्या खेपेला पावसाळ्यात धान्य कसे राखावे, याविषयी बोलू.